ताकदीचे कौतुक नको, ओझ्याला मर्यादा हवी
(कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



हमाल पोते उचलतो तेव्हा त्याच्या ताकदीचे कौतुक होते. पुढे त्याची कंबर धरली की दोष त्याच्या वयावर नाही तर व्यसनावर ढकलला जातो. ओझ्याचे वजन कोणी ठरविले, हा मूळ प्रश्न मात्र दोन्ही वेळा गाळला जातो. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

स्नायू आळीपाळीने आकुंचित व सैल होतो, तेव्हाच त्यातून रक्त नीट खेळते. ओझे एकाच स्थितीत धरून ठेवले की आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. प्राणवायू अपुरा पडतो आणि थकवा साचतो. पूर्ण जोर काही सेकंदच टिकतो, निम्मा जोर सुमारे एक मिनिट. म्हणूनच विश्रांती हा आळस नव्हे, तो श्रमाचाच भाग आहे.

कंबरेचे गणित तरफेचे आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून सुमारे 5 सेंटिमीटरवर असतात. उचलताना 50 किलोचे पोते 40 सेंटिमीटर पुढे असेल, तर त्या स्नायूंवर सुमारे 400 किलोचा ताण येतो. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच!

अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने 1991 मध्ये, सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही, हातांनी उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा 23 किलो मानली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कमाल वजनाविषयीचा करार 1967 चा. भारताने तो 2010 मध्ये स्वीकारला. तरीही सिमेंटची गोणी 50 किलोचीच आहे.

गोणी लहान करणे परवडत नाही, असे सांगितले जाते. पण 2018 मध्ये सरकारने युरियाची गोणी 50 वरून 45 किलोवर आणली. ती हमालाच्या कंबरेसाठी नव्हे, तर खताचा वापर घटावा म्हणून! वजन सरकारी निर्णयाने बदलता येते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

महाराष्ट्रातील माथाडी कामगारांनी संघटित लढ्याच्या बळावर 1969 चा कायदा मिळविला. गोणीचे वजनही मागणीपत्रात तितक्याच ठामपणे आले पाहिजे. हलकी गोणी, कंबरेच्या उंचीचा फलाट, ढकलगाडी आणि कामाच्या वेळेतच पगारी विश्रांती, या मागण्या प्रत्येक युनियनने मांडाव्यात. कामगाराला ओझ्याच्या मापाचा करावयाचे नाही. ओझे माणसाच्या मापाचे करावयाचे आहे.