जेवलास का रे?

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण नुसते हसतोय. कुणी कुणाचा डबा पळवला, कुणी घंटा आधीच वाजवली, कुणाला मैदानाला फेऱ्या मारायला लागल्या. माझ्याही ओठांवर एक गंमत आली होती, पण सांगता सांगता मी थांबले. आता तीच सांगते, कारण ती गंमत नव्हती.

नववीत आपल्या वर्गातला एक मुलगा रोज उशिरा यायचा आणि दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायचा. आपण त्याला ‘कुंभकर्ण’ म्हणायचो. त्याचे कितीतरी तास वर्गाबाहेर उभं राहण्यात गेले. सहामाहीला गुण एकदम घसरले. कबड्डीच्या संघातून त्याने नाव काढून घेतलं. मधल्या सुट्टीत तो एकटा बसू लागला. शेजारच्या रांगेतून मला हे सगळं दिसत होतं, पण मी त्याला एकदाही काही विचारलं नाही. उलट त्या नावाने हाक मारण्यात मीच पुढे होते.

त्या वर्षी त्याच्या वडिलांचं काम सुटलं होतं आणि तो पहाटे चारला उठून घरोघर पेपर टाकत होता. हे मला कळायला पंधरा वर्षं लागली. दहावीत त्याचे दोन विषय राहिले. जुलैची फेरपरीक्षा २०१५पासून सुरू झाली. तेव्हा ऑक्टोबरची वाट बघावी लागे. आपण अकरावीच्या प्रवेशाच्या गडबडीत होतो आणि तो घराबाहेर पडत नव्हता.

तो आज इथे बसला आहे. नाव घ्यायचं नाही, एवढ्या अटीवर त्याने ही गोष्ट सांगू दिली. काल मी त्याला विचारलं, “तेव्हा तू निभावलंस कसं?” म्हणाला, “आपल्या शिपाईमामांमुळे. मी बाहेर उभा असलो की ते जवळ येऊन विचारायचे, ‘जेवलास का रे?’ शाळेत तेवढा एकच प्रश्न असा होता, ज्याचं उत्तर मला यायचं.” निकालानंतर मामा त्याच्या घरी गेले आणि ऑक्टोबरचा फॉर्म भरून घेऊनच परतले.

सर, बाई, ही तक्रार नाही. साठ-पासष्ट मुलांचा वर्ग तुम्ही सांभाळत होता, आणि मुलांच्या मनाबद्दल तुम्हाला कुणी काही शिकवलं नव्हतं. मी स्वतः बावीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवते आहे. मीही मुलांना बाहेर उभं केलं आहे.

आता एवढं कळतं, की ‘मला त्रास होतोय’ असं मूल सहसा म्हणत नाही. त्याचं पोट दुखतं, झोप उडते, ते चिडतं किंवा गप्प होतं, आवडीची गोष्ट सोडून देतं. असा बदल दोन आठवडे टिकला, तर त्याला आळस म्हणण्याआधी जवळ बसून विचारावं आणि उपदेश न करता ऐकावं. ‘जगावंसं वाटत नाही’ असं मूल बोललं, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी पालक आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. थेट विचारल्याने तसले विचार मुलाच्या डोक्यात येतात, हा गैरसमज आहे. २०२२च्या सरकारी नोंदीनुसार देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातले होते.

आज निदान नियम मुलांच्या बाजूने आहेत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने माराबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि तिच्यावर मराठीतही बोलता येतं. हा नंबर शाळेत ठळक लावा, असंही न्यायालयाने म्हटलं आहे.

आपल्या शाळेत हजारावर मुलं आहेत, पण समुपदेशक नाही. आपण जमवलेल्या कृतज्ञता निधीतून प्रवेशद्वारावर कमान बांधायचं ठरतं आहे. संध्याकाळच्या बैठकीत माझी एक सूचना असेल. कमान राहू द्या. त्या पैशातून तीन वर्षं, आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या समुपदेशकाचं मानधन देऊ. तोवर संस्थेने कायमची सोय करावी, असा शब्द तिच्याकडून घेऊ. ग्रंथालयामागची रिकामी खोली त्यासाठी चांगली आहे. तिथे जाणारं मूल सगळ्यांच्या नजरेत येत नाही. आणि १४४१६ हा नंबर तर उद्याच मोठ्या अक्षरांत लावता येईल.

मामा आता नाहीत. कमानीवर आपल्या तुकडीचं नाव आलं असतं, त्याऐवजी त्या खोलीवर मामांचं नाव लावू.

आणि मित्रा, त्या नावाबद्दल मला माफ कर. तीस वर्षं उशीर झाला.