वाचल्याशिवाय सही नाही

(भाताची लावणी उरकल्यावर भोर तालुक्यातील एका गावी, शाळेच्या पडवीत जमलेल्या मंडळींपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण.)



चिखलाचे पाय धुऊन, दिवसभराचा शीण बाजूस ठेवून आपण येथे आलात, याबद्दल मी आपला आभारी आहे. मी वकील नाही, प्राथमिक शाळेचा मास्तर आहे. अध्यापक विद्यालयात दोन वर्षे शिकलो. मुलांना बाराखडी कशी शिकवावी, पाढे कसे घोकून घ्यावेत हे तेथे शिकवले. सातबाराचा उतारा कसा वाचावा हे मात्र कोणी शिकवले नाही. या उणिवेची किंमत मी भरली नाही, दुसऱ्याने भरली. ती हकीकत आधी सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाचा बाप माझ्याकडे आला. बरोबर शहरातला एक गृहस्थ होता. "गुरुजी, साक्षीदार म्हणून सही करा. बाकी सारे ठरले आहे," असे बाप म्हणाला. कागद दहाबारा पानांचा होता. मी वरचे पान पाहिले, बापाच्या तोंडाकडे पाहिले आणि सही ठोकली. वीस गुंठे विकतो आहोत, अशी त्याची समजूत होती. कागद निघाला साऱ्या गटाच्या कुलमुखत्यारपत्राचा, म्हणजे सगळी जमीन आपल्या वतीने विकण्याचा अधिकार त्याने त्या गृहस्थास लिहून दिला होता. निबंधकापुढे "मान्य आहे काय?" असे विचारले तेव्हा तो "होय" म्हणाला, कारण गुरुजींची सही वर होती. वर्षभराने खरेदीखत झाले. फेरफाराची नोटीस आली, ती कोनाड्यात पडून राहिली. पुढच्या वर्षी पोराने शाळा सोडली आणि तो पुण्यास खानावळीत ताटे धुऊ लागला.

बंधूंनो, अडाणी माणूस फसला असे लोक म्हणतात. मी म्हणतो, शिकलेल्याच्या सहीने अडाणी माणूस फसला.

आम्ही लगेच वकिलाकडे गेलो काय? नाही. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आम्ही एकमेकांस ऐकवत बसलो. लबाडी कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दस्त रद्द करण्याचा दावा लावावा लागतो. आम्ही भोरला पोहोचलो तेव्हा ती मुदत उलटून गेली होती. या म्हणीत तथ्य नाही असे नाही. भांडणापायी बैलजोडी विकलेली घरे मीही पाहिली आहेत. पण कोर्टाची पायरी चढू नये म्हणजे कायदा जाणू नये, असा अर्थ आपण काढला, आणि तो अर्थ लबाडांच्या फार उपयोगी पडला.

भोरला दोन वकील मिळून एक लहानशी कचेरी चालवतात. एक टेबल, चार खुर्च्या आणि दाराशी बाकडे, एवढाच सरंजाम. त्यांना मी विनंती केली की, खेड्यातील माणूस रोज जे विचारतो ते मला समजावून सांगा, मी ते गावोगाव सांगेन. त्यांनी सुट्टीच्या दिवसांत मला शिकवले. त्यांतले मोजके प्रश्न आज सांगतो.

पहिला प्रश्न : सातबाऱ्यावर माझे नाव आहे, मग जमीन माझीच ना? सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. गाव नमुना सातमध्ये कोणाचा काय हक्क ते असते आणि बारामध्ये पीकपाणी असते. 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे ही नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानतात, पण नोंदीने मालकी जन्मास येत नाही. मालकी येते ती वारशाने, खरेदीखताने, वाटणीने किंवा कोर्टाच्या हुकुमाने. म्हणून जुने फेरफार आणि दस्त जपून ठेवा. उतारा हाती आला की नावापाशी थांबू नका. "इतर हक्क" हा रकाना वाचा. बँकेचा बोजा, कुळाचे नाव, बहिणींची नावे तेथे असतात. मग भोगवटादाराचा वर्ग पाहा. वर्ग 2 असेल तर सरकारी परवानगीवाचून जमीन विकता येत नाही. पुनर्वसनात मिळालेल्या व पूर्वीच्या वतनाच्या पुष्कळ जमिनी अशा असतात. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर या धरणांच्या मुलखात हे प्रत्येक घराने जाणले पाहिजे.

दुसरा प्रश्न : वडील वारले, आता काय करावे? तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसांची वर्दी द्या. हल्ली या हुद्द्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्जात सगळ्या वारसांची नावे घाला, म्हणजे विधवा आई, मुलगे आणि मुलीही. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घेण्यास पंधरा दिवस असतात. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. नोंद आपल्या विरुद्ध मंजूर झाली तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील करता येते. नोटीस कोनाड्यात ठेवली म्हणून मुदत थांबत नाही. हे मी पाहिले आहे.

तिसरा प्रश्न बायकांचा आहे आणि तो पुरुषांनी जास्त लक्ष देऊन ऐकावा. लग्न झालेल्या बहिणीस हिस्सा आहे काय? आहे. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः हिस्सेदार ठरली. त्या वेळी बाप जिवंत असलाच पाहिजे असे नाही, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी दिला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्यामुळे मोडत नाहीत. बहीण राजीखुशीने हक्क सोडू शकते, पण हक्कसोडपत्र नोंदलेले असावे लागते. राजीखुशी म्हणजे काय, हा प्रश्न आपण आपल्या मनास विचारावा. राखी पौर्णिमेस माहेरी बोलावून, लुगडे नेसवून, जेवणानंतर कागद पुढे सरकवायचा आणि "आक्का, एवढी सही कर" म्हणायचे, ही राजीखुशी नव्हे. सावकाराने बापास फसवले म्हणून आपण रडतो आणि भावाने बहिणीस फसवले की त्याला रीत म्हणतो. दोन्ही ठिकाणी कागद न वाचताच सही झालेली असते.

चौथा प्रश्न : साठेखत, खरेदीखत आणि मुखत्यारपत्र यांत फरक काय? साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. खरेदीखत नोंदले की मालकी जाते. मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या जागी दुसऱ्यास उभे करणे. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे. पण विकण्याचा अधिकार त्यात लिहिला असेल, तर त्याच्या जोरावर मुखत्यार खरेदीखत करून देऊ शकतो आणि आपण घरी बसलेले असतो. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्यात गुंतलेला नसेल तर मुखत्यारपत्र रद्द करता येते. परंतु आधी झालेली विक्री त्याने आपोआप रद्द होत नाही. धरणाच्या काठी, राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी बंगल्यांसाठी जमिनी शोधणारे रोज येतात. विकणे हा गुन्हा नाही. काय विकतो, किती विकतो आणि येण्याजाण्याची वाट कोणाकडे राहते, हे न समजता विकणे हा आपल्या लेकरांचा गुन्हा आहे.

पाचवा प्रश्न : शेजाऱ्याने शेतात जाण्याची वाट नांगरून टाकली तर? कुऱ्हाड काढू नका. 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेले पाहिजे.

सहावा प्रश्न सुतार, लोहार, गवंडी, कुंभार या मंडळींचा आहे. बंगल्याची दारेखिडक्या करून दिली, मालक पैसे देत नाही. काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो. मुदतीच्या आत मालकाने "इतके देणे आहे" असे लिहून सही दिली, तर तेथून मुदत नव्याने मोजतात. म्हणून कामाआधी एका चिठ्ठीवर काम, दर आणि तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या. धनादेश दिला आणि तो वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवा. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी फिर्याद करता येते. हे दिवस चुकले की खटला अवघड होतो.

शेवटचा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही : वकिलाला द्यायला पैसे कोठून आणू? 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांस महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असल्यास मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तेथे साधा अर्ज करावा. ही भीक नव्हे, हक्क आहे. तडजोड होण्याजोगे भांडण लोकअदालतीत न्यावे. तेथे तडजोड झाली तर भरलेले कोर्ट शुल्क परत मिळते. पण त्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून तेथेही वाचूनच सही करा.

12 मे 1875 रोजी याच पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. ज्या कागदावर काय लिहिले हे त्यांना वाचता येत नव्हते, त्या कागदावरच त्यांचा राग होता. पुढे 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, अशी तरतूद त्यात सरकारास घालावी लागली. आज कागद जाळण्याची गरज नाही. आज आपल्या घरोघरी वाचणारी पोरे आहेत. आजोबांनी जे जाळले ते नातवाने वाचावे, एवढेच मागणे आहे.

म्हणून मी एक काम अंगावर घेतले आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी या पडवीत बसेन. कोणताही कागद आणा, मी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवीन. सल्ला देणार नाही, तो वकिलाचा अधिकार आहे. सहावी-सातवीच्या मुलांना मी घरचा सातबारा आणायला सांगितला आहे. पोराने वाचायला घेतले तर "तुला काय कळते" म्हणून त्याला गप्प करू नका. आणि कोणी म्हणाला, "घाई आहे, आजच सही पाहिजे," तर त्याला सांगा, "गुरुजी शनिवारी वाचतील, मग पाहू." ज्याचा व्यवहार सरळ आहे तो शनिवारपर्यंत थांबेल.

त्या मुलाचा बाप आज या सभेत मागे बसला आहे. मी त्याची जमीन परत आणू शकत नाही. त्याने मला येथे बोलण्याची परवानगी दिली, एवढेच नव्हे, तर "गुरुजी, सगळे सांगा, म्हणजे दुसऱ्याची तरी वाचेल," असे तोच म्हणाला. त्याचे हे शब्द तुमच्या हवाली करून मी आपली रजा घेतो.