परदेशातील एक सत्र आणि त्याची पूर्वतयारी



ह्या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलत आली आहेत. आज चिटणीसांनी हमाल-मापाड्यांच्या संघटनेत केस पिकलेल्या माणसाला उभे केले, आणि विषय मात्र दिला तो परदेशी विद्यापीठातल्या शिक्षणाचा. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावरच थांबले. पुढे जे काही वाचले ते बाजार समितीच्या आवारात, मालाच्या गाड्यांची वाट पाहत, पोत्यांच्या थप्पीवर बसून वाचले. तेव्हा ह्या विषयावर बोलण्याचा आम्हांला काय अधिकार, असे कोणी विचारील तर त्यात गैर काही नाही. अधिकार एवढाच, की ह्या बाबतीत आमच्या हातून एक मोठी चूक झाली आहे, आणि ती पुन्हा आमच्या किंवा तुमच्या हातून होऊ नये असे आम्हांला वाटते.

आमच्या संघटनेतील एका हमालाची मुलगी इंजिनिअरिंगला होती. तिच्या कॉलेजचा जर्मनीतील एका विद्यापीठाशी करार होता. तिसऱ्या वर्षाच्या काही मुलांना तेथे एक सत्र शिकायला पाठवीत. दुसऱ्या वर्षाला असतानाच ती संघटनेच्या कचेरीत आली आणि म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी माझा नंबर लागू शकतो. काय काय करावं लागेल?" आम्ही म्हणालो, "बाई, आधी नंबर तर लागू दे. मग बघू." पुढच्या वर्षी नंबर लागला. पत्र आले. पण पासपोर्ट नव्हता. आधार कार्डावर बापाचे नाव 'विठ्ठल' तर मार्कशीटवर 'विठ्ठलराव', आणि जन्माच्या दाखल्यावर तिचे स्वतःचे नाव दुसरेच. ती नावे जुळवता जुळवता उन्हाळा गेला. पैशाची जमवाजमव करता करता पावसाळा लागला. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती सत्र सुरू झाल्यानंतरची. जागा गेली. मुलगी गुणांत कमी पडली नव्हती. ती वेळेत कमी पडली, आणि तिच्या वेळेतले एक संबंध वर्ष आमच्या 'मग बघू' ह्या दोन शब्दांनी खाल्ले.

म्हणून आजचे आमचे सांगणे एकच आहे. परदेशात शिकायला जाण्याचे काम निवड झाल्यानंतर सुरू होत नाही, ते दोन वर्षे आधी सुरू होते. श्रीमंताच्या घरी ही तयारी आपोआप होते, कारण तेथे मामा अमेरिकेत असतो, पासपोर्ट कपाटात असतो आणि बँकेचा साहेब ओळखीचा असतो. आमच्या मुलांना हे सारे जाणूनबुजून उभे करावे लागते.

आमच्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण ते कोणत्या अटींवर गेले, ते फारसे कोणी सांगत नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची होती. आणि शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांनी लिहून दिला होता. संघटनेच्या माणसाला यात सर्वांत आधी काय दिसते? करार दिसतो. पैसा कोण देतो, किती दिवस देतो आणि बदल्यात काय मागतो, ह्या तीन गोष्टी सहीच्या आधी वाचायच्या असतात.

त्याहूनही शिकण्यासारखा भाग पुढचा आहे. बाबासाहेब १९१६ साली लंडनला गेले आणि अभ्यास अर्धा असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली परत यावे लागले. पण येताना त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली. पुस्तके मागून बोटीने येत होती, ती महायुद्धात पाणतीराने बुडाली. पण परवानगी हातात होती. मग १९१८च्या अखेरीस मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, काटकसरीने पैसा मागे टाकला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना ह्या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ला एम्. एस्सी. आणि १९२३ला डी. एस्सी. झाले. ह्या तीन वर्षांत काय काय आले पाहा. कागद, स्वतःची बचत, एकाची मदत आणि एकाचे कर्ज. आणि ह्या सर्वांच्या जोडीला मुंबईत रमाबाईंनी ओढलेला संसार, ज्याची नोंद कोणत्याच हिशेबात होत नाही. जो जातो त्याच्या प्रवासाचा खर्च मागे राहणारेही भरीत असतात, हे जाणाऱ्याने विसरू नये.

दुसरे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. १८८३च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. पण न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार १८८० सालीच सुरू झाला होता. म्हणजे तिकडच्या किनाऱ्यावर आपली वाट पाहणारे माणूस त्यांनी निघण्याच्या तीन वर्षे आधी जोडले होते. १८८६ला त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम्. डी. झाल्या. परंतु तिकडची थंडी आणि आहाराची आबाळ यांनी प्रकृती ढासळली आणि १८८७च्या फेब्रुवारीत क्षयाने त्या गेल्या. थंडीचे कपडे, खाणे आणि औषधपाणी ह्या गोष्टी किरकोळ नव्हेत, हे आम्ही त्यांच्या आयुष्यावरून शिकावे.

आता आजच्या काळाकडे येऊ. पूर्वी परदेशी जायचे म्हणजे संपूर्ण पदवीसाठी जायचे. हल्ली एका सत्रासाठीही जाता येते. मुलगा किंवा मुलगी आपल्याच कॉलेजची विद्यार्थी राहते आणि पाच-सहा महिने तिकडे शिकून येते. युरोपातील इरॅस्मस योजना अशा देवघेवीसाठी १९८७ साली निघाली आणि २०१५पासून युरोपाबाहेरील विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनाही तिच्यात जागा मिळू लागल्या. अशा करारात तिकडच्या विद्यापीठाची फी बहुधा भरावी लागत नाही. गरिबाच्या मुलाच्या दृष्टीने ही मोठीच सवलत आहे. परंतु राहण्या-जेवण्याचा खर्च सुटत नाही.

त्या मुलीने पुढे आम्हांला एक यादी लिहून दिली. तीच आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट नाव आणि पासपोर्ट. कॉलेजात प्रवेश घेतला त्याच वर्षी दहावीची मार्कशीट, जन्माचा दाखला, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला हे चार कागद एका ओळीत मांडा आणि नावाचे अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर दुरुस्ती करा, लागल्यास राजपत्रात नाव प्रसिद्ध करा. मग पासपोर्ट काढा. साध्या पासपोर्टाचे शुल्क १५०० रुपये आणि मुदत १० वर्षे. पोलीस पडताळणीच्या वेळी घरी कोणी नसले तर काम लांबते, एवढे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट चौकशी. आपल्या कॉलेजचा कोणाशी करार आहे, किती जागा आहेत, अर्ज कधी निघतात आणि गुणांची अट काय, हे पहिल्याच वर्षी लेखी विचारा. जेथे शिकवणे इंग्रजीतून असेल तेथेही भाषेची परीक्षा मागतात. बाजारात बोलायला तेथली भाषा लागते ती निराळीच. दोन वर्षांत एखादी भाषा कामापुरती शिकता येते, दोन महिन्यांत येत नाही.

तिसरी गोष्ट क्रेडिटची, म्हणजे श्रेयांकांची. युरोपात एका सत्राचे काम साधारण ३० क्रेडिटचे मानतात. तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते विषय सुटणार, याचा करार निघण्याआधी आपल्या विभागप्रमुखांकडून सहीशिक्क्यानिशी घ्या. "आल्यावर बघू" असे कोणी म्हणाले तर आमची आठवण ठेवा. आणखी एक पेच आहे. जर्मनीत हिवाळी सत्र बहुतेक विद्यापीठांत १ ऑक्टोबरपासून ३१ मार्चपर्यंत आणि उन्हाळी सत्र १ एप्रिलपासून ३० सप्टेंबरपर्यंत धरतात. आपली सत्रे ह्या वेळापत्रकात बसत नाहीत. तिकडची परीक्षा फेब्रुवारीत असेल तर इकडचे पुढचे सत्र तोवर अर्ध्यावर आलेले असते. तिकडून आणलेले सहा महिने इकडे एक वर्ष खाणार नाहीत ना, हे आधीच मोजून घ्या.

चौथी गोष्ट पैसा. जर्मनीच्या व्हिसासाठी आपला खर्च आपण भागवू याचा पुरावा द्यावा लागतो. बहुतेक विद्यार्थी त्यासाठी एक बंद खाते उघडतात, ज्यातून दरमहा ठराविक रक्कमच काढता येते. सप्टेंबर २०२४पासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो धरला गेला. सहा महिन्यांचे झाले ५९५२ युरो. युरोचा भाव ९० ते १०० रुपये धरला तर सव्वापाच ते सहा लाख रुपये. विमानाचे तिकीट आणि आरोग्याचा विमा वेगळा. हमालाच्या पाठीवरून किती पोती गेल्यावर एवढी रक्कम जमेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

येथे एक गैरसमज दूर करतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती ह्या मोलाच्या योजना आहेत. पण त्या पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच्. डी.साठी आहेत. पदवीच्या काळात एका सत्रासाठी जाणाऱ्याने त्यांच्यावर विसंबू नये. त्याने देवघेवीच्या योजनेतील भत्ता, कॉलेजचा निधी आणि बँकेचे कर्ज ह्या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी अर्ज करावा.

पाचवी गोष्ट तेथील कामाची. ही आमच्या धंद्यातली आहे म्हणून थोडे खुलून सांगतो. जर्मनीत परदेशी विद्यार्थ्याला मार्च २०२४पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. कायद्याने किमान वेतन २०२५ साली तासाला १२.८२ युरो होते. आमच्या मुलांनी चालू वर्षाचा दर पाठ करून जावे. कोणी त्याहून कमी देऊ लागला, कागदाशिवाय राबवू लागला, तर तेथेही कामगार संघटना आहेत, त्यांचे दार ठोठावावे. परंतु ह्या कमाईवर जाण्याचे अंदाजपत्रक मांडू नये. सत्र अवघे पाच-सहा महिन्यांचे असते, आणि काम मिळेपर्यंतच त्यातले दोन निघून जातात.

सहावी गोष्ट पोहोचल्यानंतरची. तेथे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आपला पत्ता नगरकचेरीत नोंदवावा लागतो. त्याला घरमालकाचा कागद लागतो. म्हणून खोली येथूनच पक्की करावी. ओळख न पटलेल्या माणसाला खोलीसाठी आगाऊ पैसे पाठवू नयेत. आपल्या आधी गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी पत्र-फोन ठेवावा. आनंदीबाईंनी जे केले तेच.

मंडळी, ही यादी काही अवघड नाही. तिच्यातले एकही काम असे नाही की जे वाशीम, रिसोड, मानोऱ्याच्या मुलाला जमू नये. अवघड आहे ते एवढेच, की ही कामे निकालाची वाट न पाहता करावी लागतात. आमच्या घरांतून अजून असे मानतात, की आधी तयारी केली आणि निवड झाली नाही तर हसे होईल. ह्या लाजेपोटी मुले गप्प बसतात आणि आईबापही गप्प बसतात. पासपोर्ट काढून कोणी गेले नाही तर कोणाचे काय बिघडते? दहा वर्षे तो चालतो. भाषा शिकलेली वाया जात नाही. नावे दुरुस्त झाली तर उद्या नोकरीला, बँकेला, वारसालाही उपयोगी पडतात.

आमच्या वऱ्हाडचा कापूस दीडशे वर्षांपूर्वी लँकेशायरच्या गिरण्यांत गेला. कारंज्याच्या बाजारात त्याच्या गाठी बांधणारे, वाहणारे हात मात्र जागच्या जागी राहिले. १ जुलै १९९८ला वाशीम वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आम्ही म्हटले की आता कचेऱ्या जवळ आल्या. कचेऱ्या आल्या, पण त्या कचेऱ्यांतून कागद वेळेवर काढून घेण्याची सवय अजून यायची आहे.

गावाकडे आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. कॉलेजांतून दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांचे कागद तपासण्याचा एक दिवस ठेवावा. आमच्या संघटनेचे चार लोक तेथे येऊन बसतील, अर्ज भरण्याचा आम्हांला सराव आहे. आणि अडते, व्यापारी, शिक्षक, हमाल यांनी मिळून एक लहानसा निधी उभा करावा, जो बिनव्याजी उसना द्यावा आणि नोकरी लागल्यावर परत घ्यावा. बाबासाहेबांना एकाने मदत दिली आणि एकाने कर्ज दिले, तेव्हा ते लंडनला पोहोचले. सर्व भार एकट्या बापाच्या पाठीवर टाकू नये. त्या पाठीवर आधीच पुष्कळ आहे.

ती मुलगी आज पुण्यात नोकरी करते. तिचे चांगले चालले आहे, म्हणून तिचे नुकसान झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. ती यादी देताना ती म्हणाली, "काका, हे पुढच्या पोरीला पहिल्या वर्षीच द्या." आम्ही तिला तसा शब्द दिला होता. आज तो आपल्यासमोर पाळला.