जवारी आणि शाई



मैफल सुरू व्हायची असते. सतारवादक येऊन बसलेले असतात, तबलजी हातोडीनं तबल्याच्या कडेच्या गजऱ्यावर हलकेच ठोकत असतात आणि सभागृहात आपली बोलणी चालूच असतात. कुणी मोबाइल बंद करतं, कुणी मागं वळून ओळखीच्यांना हात करतं. वाद्यं लागताहेत, कार्यक्रम अजून कुठे सुरू झालाय, अशी आपली समजूत. मला आज त्या पाच-दहा मिनिटांबद्दलच बोलायचंय. सतार आणि तबला या दोन्ही वाद्यांचा जीव कशात आहे, ते त्या वेळात स्वच्छ ऐकू येतं. सतारीचा जीव जवारीत असतो आणि तबल्याचा शाईत.

मी विक्रोळीत, कन्नमवार नगरात राहते. वसाहतीच्या मागं खारफुटी आणि तिच्यापलीकडे ठाण्याची खाडी. हवा बारा महिने दमट. जून लागला की सतारीच्या खुंट्या फुगून अडकतात, तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, उतरते आणि सकाळी मिळवलेला षड्ज संध्याकाळपर्यंत राहत नाही. आमच्याकडची गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसणारी मुलं पावसात तबल्याच्या पिशवीवर आणखी एक प्लास्टिकची पिशवी बांधून क्लासला जातात. प्रवेशिकेला बसलेल्या मुलालाही एवढं कळलेलं असतं की वाद्य आधी हवेशी लागतं, मग आपल्याशी.

जवारी म्हणजे काय, ते सांगते. सतारीच्या भोपळ्यावर जी लाकडी तबली असते, तिच्यावर घोडी बसवलेली असते आणि घोडीवरून तारा जातात. घोडीचा माथा लांबून सपाट दिसतो. बोट फिरवलं तर कळतं की त्याला किंचित उतार आहे. तार छेडली की ती त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्या टेकण्या-सुटण्यातून जो झंकार निघतो, त्याला आपण सतारीचा आवाज म्हणतो. उतार कागदाच्या जाडीनं चुकला तरी तार एक तर ठणठणते, नाहीतर मुकी होते. घोडी पूर्वी सांबरशिंगाची करत, आता हाडाची, आबनुसाची किंवा कृत्रिम पदार्थाचीही करतात.

आणि शाई, म्हणजे तबल्याच्या पुडीवरचं काळं वर्तुळ. लोखंडाची बारीक भुकटी आणि खळ यांचा लगदा करून एक पातळ थर द्यायचा, तो दगडानं घोटायचा, वाळला की दुसरा, मग तिसरा, असे कितीतरी थर. मध्ये जाड, कडेला पातळ. घोटता घोटता शाईला केसासारख्या भेगा पडतात. नवख्याला वाटतं, पुडी खराब झाली. पण त्या भेगा पडायलाच हव्यात. त्या नसतील तर शाई कातड्याला जखडून धरेल आणि बोल घुमणारच नाही.

या दोन्ही गोष्टींपुढे एक फार मोठा शास्त्रज्ञ थांबला होता. सर सी. व्ही. रामन. 1920 साली त्यांनी आपल्या एका सहकाऱ्याबरोबर भारतीय चर्मवाद्यांवर ‘नेचर’मध्ये लिहिलं. साध्या ढोलाच्या कातड्यातून मूळ सुरासोबत निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाला नेमका सूर नसतो. शाईच्या वजनामुळे मात्र ते उपस्वर तारेच्या उपस्वरांसारखे ओळीनं लागतात, हे त्यांनी दाखवलं. लगेच 1921 साली त्यांनी वीणा आणि तंबोऱ्याच्या घोडीकडे लक्ष वळवलं. तार जिथं छेडली त्यावरून जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही या रुंद, उताराच्या घोडीमुळे उमटतात, असं त्यांना आढळलं. प्रयोगशाळेनं हे 1920-21 मध्ये सांगितलं. आपल्या कारागिरांच्या कानाला ते कितीतरी आधीपासून माहीत होतं.

असा एक कान मला भेटला तो माझ्या वडिलांच्या सतारीमुळे. ती अकरा वर्षं भिंतीवर टांगलेली होती. ते कारखान्यातून आल्यावर रोज तासभर वाजवायचे. ते गेल्यावर कुणी हात लावला नाही. शेवटी एकदा मी ती घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसनं मिरजेला गेले.

मिरजेत सतारी बनवायला लागून पावणेदोनशे वर्षं होत आली. फरीदसाहेब हे तिथले मूळ पुरुष मानले जातात. घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांचं. हत्यारांचं काम कमी होत गेलं आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं ते हात वाद्यांकडे वळले. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि तंबोऱ्याच्या आवाजाबद्दलचा त्यांचा काटेकोरपणा या कारागिरांच्या कानात उतरला. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, खाण्याचे नव्हे, कडू जातीचे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

ज्या कारागिरांकडे मी गेले, त्यांनी सतारीच्या नक्षीकडे पाहिलंसुद्धा नाही. तारा उतरवल्या, घोडी काढून उजेडात धरली आणि मला दाखवली. तारांनी तिच्यात बारीक चरे पाडले होते. माझ्या वडिलांच्या रोजच्या एका तासाचे ते चरे. मग कानस, मग काचकागद, मग तळव्यानं पुसणं, तार चढवणं, छेडून ऐकणं, पुन्हा उतरवणं. असं सात-आठ वेळा झालं. “अजून बंद आहे,” म्हणाले. थोड्या वेळानं, “आता जरा जास्त उघडली.” मोजायला पट्टी नाही, यंत्र नाही. मान कलती करून ऐकायचं, एवढंच. मी विचारलं, हे किती वर्षं टिकेल? ते म्हणाले, “वाजवाल तशी झिजेल. झिजली की या.”

खुली आणि बंद जवारी हे नुसते कारागिराचे शब्द नाहीत, त्यांवर वादनाच्या दोन वाटा उभ्या आहेत. पंडित रविशंकर यांची जवारी खुली, झंकाराची, आणि त्यांच्या सतारीला खाली खर्जापर्यंत उतरणाऱ्या तारा. उस्ताद विलायत खाँ यांची जवारी गोल, मिटलेली. त्यांना गाता गळा हवा होता, म्हणून त्यांनी खर्जाची तार काढून तारांची मांडणीच बदलली. एकाच पडद्यावर तार ओढून चार-पाच स्वरांची मींड घ्यायची, तर झंकार आवरता यायला हवा. दोघांपैकी कोण मोठे, हा वाद मला कधीच महत्त्वाचा वाटला नाही. कानशीच्या चार हातांचा फरक, आणि दोन निराळी विश्वं.

आता तबल्याकडे येते. उस्ताद अल्लारखाँ 1940 च्या सुमारास रेडिओच्या मुंबई केंद्रावर आले आणि पुढे रविशंकरांबरोबर जगभर वाजवत फिरले. त्या जोडीनं परदेशातल्या श्रोत्यांना दाखवलं की तबला सतारीला उत्तर देतो, प्रश्नही विचारतो. त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन, 9 मार्च 1951 ला जन्मलेले आपल्या माहीमचे. 15 डिसेंबर 2024 ला ते गेले. द्रुत लयीतली त्यांची बोटं सगळ्यांनी पाहिली. मला आठवतो तो त्यांचा चाटीवरचा, म्हणजे पुडीच्या कडेवरचा, एकटा ‘ना’. आलापानंतर सतार गतीवर येते, तबला पहिल्यांदा बोलतो, आणि त्या ‘ना’चा षड्ज सतारीच्या तरफांत, म्हणजे पडद्यांखालच्या तारांत, जाऊन मिसळतो. तरफांना कुणी हात लावलेला नसतो, तरी त्या बोलतात. दोन वाद्यं नीट लागली असतील तरच हे घडतं.

कार्यक्रमात निवेदक वादकांची ओळख करून देतात, गुरूंची नावं सांगतात, प्रायोजकांचे आभारही मानतात. पुडी कुणी बांधली, जवारी कुणी केली, हे मात्र कुणी सांगत नाही. मला ही मोठी उणीव वाटते. विक्रोळी, मुलुंड, घाटकोपरच्या आमच्या मंडळांनी आणि संगीतसभांनी ती भरून काढावी. कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ पुरे.

आणि श्रोतेहो, तुमच्या घरी कुणाची सतार भिंतीवर असेल, तबल्याची जोडी माळ्यावर असेल, तर ती या दिवाळीच्या आत खाली काढा. जवारी करून घ्या, पुडी बदलून घ्या, आणि कारागिराचं नाव विचारून लिहून ठेवा.