एकाच नावाच्या दोन फायली आणि गायब झालेला वॉचडॉग

मागच्या भागात योक्टोमधले लेयर म्हणजे काय, ते आपण पाहिलं. आज त्याच लेयरमुळे मी कसा तोंडघशी पडलो, ते सांगतो.

आमचं उपकरण तसं साधं. दूध संकलन केंद्रावर दूध थंड ठेवायची टाकी असते. तिचं तापमान मोजायचं आणि ते वाढलं की फोनवर इशारा पाठवायचा. एका पहाटे केंद्रावरून फोन आला, "साहेब, डब्याचा दिवा लागलाय, पण रात्रभर एकही मेसेज नाही." रात्री कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि आमचं उपकरण त्याच्याही आधी हँग झालं होतं. टाकीतलं दूध ओतून द्यावं लागलं.

आता हँग कुठलंही यंत्र होऊ शकतं. वॉचडॉग त्यासाठीच असतो. सॉफ्टवेअरनं ठरावीक वेळात 'मी जागा आहे' असं कळवलं नाही, तर तो बोर्ड रीसेट करतो. कर्नलमध्ये तो चालू करणारी फाइल मी स्वतः लिहिली होती. मग राखणदार गेला कुठे?

मी आधी वीजपुरवठ्यावर संशय घेतला, मग बोर्डावर. दोन आठवडे त्यातच गेले. शेवटी बिल्ड फोल्डरमधली कर्नलची अंतिम डॉट कॉन्फिग फाइल उघडली. त्यात वॉचडॉगचा ड्रायव्हर बंद होता!

झालं होतं असं. आमच्या प्रॉडक्ट लेयरमध्ये कर्नलचं एक बीबीअपेंड होतं आणि त्यासोबत माझा तुकडा, नाव 'एक्स्ट्रा डॉट सीएफजी'. पुढे सगळ्या उपकरणांसाठी एक सामाईक लेयर आला. त्यात सहकाऱ्यानं मोडेमसाठी तुकडा लिहिला, आणि नाव काय, तर तेही 'एक्स्ट्रा डॉट सीएफजी'! त्याच्या लेयरची प्रायॉरिटी जास्त होती.

इथे नीट लक्ष द्या. दोन्ही बीबीअपेंड लागू होतात, आधी कमी प्रायॉरिटीचं, मग जास्तीचं. दोन्ही आपापला फोल्डर शोधयादीच्या सुरुवातीला जोडतात. त्यामुळे शेवटी लागू झालेल्याचा फोल्डर सगळ्यात पुढे येतो. बिटबेक नावानं फाइल शोधतं आणि पहिली सापडली की थांबतं. म्हणजे त्याची फाइल दोनदा मागितली गेली आणि माझी एकदाही उघडली नाही. दोन फायली एकत्र होतील असं मी धरून चाललो होतो, पण तसं नाही. नावं वेगळी असतील तरच त्या एकत्र होतात. नाव एकच असेल, तर एक दुसरीला झाकून टाकते.

बरं, नावं वेगळी असली तरी निश्चिंत होऊ नका. एकच ऑप्शन दोन तुकड्यांत असेल, तर नंतरचा जिंकतो. पण तिथे निदान कॉन्फिग तपासणीचा टास्क इशारा देऊ शकतो. आमच्या बाबतीत तोही गप्प होता, कारण न वाचलेल्या फाइलबद्दल तो बोलणार काय? 'बिटबेक-लेयर्स शो-ओव्हरलेड' सुद्धा एका नावाच्या रेसिपी दाखवतं, त्यांच्या सोबतच्या फायली नाही. आणि टेस्टिंगमध्ये काही सापडलं नाही, कारण वॉचडॉग नसल्याचं यंत्र हँग झाल्यावरच कळतं. आम्ही ते मुद्दाम हँग करून कधी पाहिलंच नव्हतं.

असाच घोळ व्हेरिएबलमध्येही होतो. 'लोकल डॉट कॉन्फ' आधी वाचली जाते, मशीन आणि डिस्ट्रोच्या फायली नंतर. म्हणून तुम्ही तिथे '=' नं दिलेली किंमत डिस्ट्रोमधलं '=' पुसून टाकतं. डिस्ट्रोमध्ये '?=' असेल, तरच तुमची टिकते. 'शेवटचा शब्द माझा' हे गृहीत धरू नका.

मग आम्ही काय बदललं? तीन गोष्टी. एक, प्रत्येक तुकड्याच्या नावाआधी लेयरचं नाव. 'एक्स्ट्रा', 'कस्टम', 'न्यू' ही नावं बंद. दोन, शंका आली की अंदाज बांधायचा नाही. 'बिटबेक' ला 'ई' हा पर्याय देऊन चालवायचं. कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीनं किंमत बदलली, याचा इतिहास तिथे मिळतो, आणि फायलींची शोधयादीही दिसते. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्याशिवाय उपकरण बाहेर जाऊच नये अशा ऑप्शनची एक यादी केली. कर्नल कॉन्फिगर झाल्यावर अंतिम डॉट कॉन्फिगमध्ये त्यातला एक जरी नसेल, तर बिल्ड तिथेच फेल. नुसता इशारा नाही, कारण इशारे कोण वाचतं?

आणि हो, आता दर रिलीजला आम्ही एक बोर्ड मुद्दाम हँग करतो आणि घड्याळ लावून बसतो. तो स्वतःहून उठला, तरच सही होते.

आज घरी गेल्यावर, म्हणजे ऑफिसात गेल्यावर, एवढंच करा. आपल्या सगळ्या लेयरमध्ये एकाच नावाच्या सीएफजी फायली किती आहेत, ते शोधा. सापडल्या तर मला जरूर कळवा, माझं एकट्याचंच हसं झालं नाही एवढं तरी समाधान मिळेल. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.