मीठ, पाणी आणि पेशीचं दार



कैरीच्या फोडी केल्या, मीठ-हळद चोळून पातेलं झाकून ठेवलं, की दुसऱ्या दिवशी तळाशी वाटीभर पाणी सुटलेलं असतं. आपण तर त्यात पाण्याचा थेंबही घातलेला नसतो. मग ते आलं कुठून? आज या सुटलेल्या पाण्याबद्दलच बोलू. बोलता बोलता लोणारला जाऊ, आणि तिथून तान्ह्या लेकराच्या जुलाबापर्यंत येऊ.

पाणी फोडीतच होतं. भिंत जशी विटांची, तशी फोड पेशींची. शाळेत जाणाऱ्या लेकीला विचारा, ती सांगेल, कांद्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की विटांसारखी घरंच घरं दिसतात. कांदा, कैरी, बैल, आपण, सगळे पेशींचेच. प्रत्येक पेशीत पातळ पेजेसारखं द्रव्य असतं. त्यात मधे केंद्रक, म्हणजे घरातली कारभारीण. कधी काय करायचं ते तिच्याकडे लिहून ठेवलेलं. बारीक बारीक तंतुकणिका असतात, त्या चुलीचं काम करतात, खाल्लेल्या अन्नातून ताकद काढतात. झाडांच्या हिरव्या पेशींत हरितलवक जास्तीचं, उन्हावर अन्न तयार करणारं. आणि झाडांच्या पेशीला बाहेरून एक टणक भिंतही असते, म्हणून कैरी करकरीत लागते.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पेशीभोवतीचं पटल. दुधावरच्या सायीहून कितीतरी पातळ, पण पक्कं राखणदार. पाण्याला ते सहज जाऊ देतं, मिठाला मात्र अडवतं. मग होतं काय, ज्या बाजूला मीठ जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. कैरीच्या बाहेर मीठ जास्त झालं, आतलं पाणी बाहेर आलं, फोड आक्रसली. लोणचं नासवणारे जंतूही एकेका पेशीचेच असतात. त्यांचंही पाणी असंच ओढलं जातं आणि त्यांची वाढ थांबते. मीठ कमी पडलं की लोणच्याला बुरा येतो तो उगाच नाही.

संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. विहिरीचं खारं पाणी दिलं की जमीन ओली असूनही रोप मान टाकतं. मुळाच्या पेशीला पाणी ओढायचं असतं, पण बाहेरचंच मीठ ते धरून ठेवतं. पाण्यात उभं राहून तहानलेलं, अशी त्या रोपाची गत.

मग लोणारच्या सरोवरात काही जगतंच कसं? ते पाणी तर खारं आणि वर सोड्यासारखं. तरी जगतं, आणि जून २०२० मध्ये सगळ्या देशाने ते पाहिलं. सरोवर गुलाबी झालं होतं! कोणी काही म्हणालं, कोणी काही. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले, तेव्हा कळलं की हे मिठात राहणाऱ्या एकपेशीय जिवांचं काम. पाऊस कमी, ऊन कडक, सरोवरातलं पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि हे जीव बेसुमार वाढले. गुलाबी रंग त्यांच्या अंगचा. पाऊस पडून पाणी वाढलं तसा रंग ओसरला. या जिवांच्या पेशीत केंद्रकाची वेगळी खोलीसुद्धा नसते, पण युक्ती पाहा: बाहेर क्षार जास्त, तर आतही क्षार भरून ठेवायचे. दोन्हीकडे तोल सारखा, मग पाणी जाईल कशाला? गोड्या पाण्यात टाकलं तर मात्र यातले बरेच फुटून मरतात.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीही साध्या पाण्यात फुटतात. म्हणून डॉक्टर शिरेत नुसतं पाणी कधी सोडत नाहीत, लिटरला ९ ग्रॅम मीठ घातलेलं पाणी सोडतात. तेच सलाइन. अर्ध्या लिटरच्या बाटलीत चमचाभरही मीठ नाही, बाकी पाणीच. अशक्तपणा आला की सलाइन लावून घ्यायची आपल्याकडे भारी हौस; पण रक्त कमी असेल तर त्या बाटलीने वाढत नाही. त्याला लोहाच्या गोळ्या आणि तपासणीच हवी.

आता लेकराचे जुलाब. आतड्याच्या पेशीतून पाणी भराभर बाहेर पडतं, लेकरू सुकतं. नुसतं पाणी पाजलं तर पुरेसं आत शिरत नाही, नुसतं मिठाचं पाणीही नाही. पण त्या पेशीला एक खास दार आहे. मीठ आणि साखर जोडीने आले तरच ते उघडतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून घरच्या माणसांच्याच हाती दिलं. शंभरातले तीसच्या घरात रोगी जात होते, ते प्रमाण चारच्या आत आलं.

मात्र माप चुकवू नका. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण. तीच पुडी एका पेल्यात कालवली तर आतड्यात मीठ जास्त होतं आणि ते लेकराच्या अंगातलंच पाणी ओढतं, कैरीसारखं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध तोडू नका. पुड्या आणि जस्ताच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात. गोळ्या १४ दिवस द्यायच्या, जुलाब थांबले तरी. लेकरू सहा महिन्यांच्या आतलं असेल, डोळे खोल गेले, पीतच नाही, गळून झोपून राहिलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा, आणि वाटेतही पाजत राहा.

कालवलेलं पाणी झाकून ठेवा. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या आणि नवं करा.