सीएनसीवर पाट, आणि पाटावर शकुंतला

 आजचा भाग जठारपेठेतून, आमच्या वर्कशॉपमधूनच रेकॉर्ड केलाय. मागे घरघर ऐकू आली तर ती शेजारची मशीन आहे, तुमचा इअरफोन खराब नाही झाला.

आमचं काम तुम्हाला माहीतच आहे. चार बाय आठचा सीएनसी राउटर. दारं, देवघरं, जाळ्या, नेमप्लेट. दारावर मोर किंवा गणपती, नाहीतर वेल. अकोल्यात फिरून पाहा, दहा घरांपैकी किती दारांवर तोच मोर सापडतो ते. कारण फाइल सगळ्यांकडे एकच आहे, कुणीतरी कुणाला पेनड्राइव्हवर दिलेली. मोर तोच म्हटल्यावर गिऱ्हाईक फक्त भाव विचारतं. चौरस फुटाला तू किती घेतो, तो किती घेतो. मग भाव खाली, अजून खाली. मशीनचा हप्ता मात्र आहे तिथंच.

तर या दिवाळीआधी एक वेगळं काम आलं. माझी मावसबहीण कॅनडात असते, हॅलिफॅक्सला. तिचे सासरे मूळचे मूर्तिजापूरचे, आता तिच्याकडेच राहतात. तिकडं हिवाळ्यात घराबाहेर पडणं मुश्कील, बोलायला कोणी नाही. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना पत्त्यांचा एक खेळ शिकवला, क्रिबेज. सासऱ्यांना इंग्रजी बेताचंच येतं, त्या गृहस्थांना मराठी शून्य. पण खेळात बोलायचे असतात ते आकडेच, त्यामुळे दोघांचं रोज दुपारी दोन तास छान जमतं. ताईचा फोन आला, "त्या काकांचा बोर्ड जुना झालाय, भोकं सैल पडलीत. तू एक बनवशील का? आपल्याकडच्या सागाचा. थंडी पडायच्या आत इथं पोचला पाहिजे."

आता हे क्रिबेज काय प्रकरण आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. खेळ इंग्लंडचा, सतराव्या शतकातला. जॉन सकलिंग नावाच्या कवीनं 'नॉडी' या जुन्या खेळावरून तो बसवला असं मानतात. दोघं खेळतात. पानांच्या जोड्या लागल्या, क्रम लागला, पानांची बेरीज पंधरा आली की गुण. १२१ गुण ज्याचे आधी होतील तो जिंकला. पण गुण एकेक-दोनदोन करत सतत येतात, प्रत्येक वेळी कागदावर लिहीत बसलं तर खेळच थांबतो. म्हणून लाकडी पाट. त्यात भोकांची रांग आणि प्रत्येकाच्या दोन खुंट्या.

दोन का? मला ही गोष्ट लय आवडली. तीन गुण मिळाले तर मागची खुंटी उचलायची आणि पुढच्या खुंटीच्या तीन घरं पुढं लावायची. पुढची आता मागची झाली. म्हणजे तुम्ही आत्ता कुठं आहात आणि याआधी कुठं होता, दोन्ही पाटावर दिसतं. कुणी चलाखी करून एक घर जास्त गेला तर समोरचा लगेच मोजून पाहू शकतो. किराणा दुकानाच्या वहीपेक्षा पक्का हिशोब आहे हा.

नेटवर क्रिबेजच्या तयार फाइली ढिगानं मिळतात. एक उतरवायची, मशीनला द्यायची, संपलं. पण मग तो पुन्हा मोरच झाला ना. म्हणून मी विचार केला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी रांग, आणि माणूस मूर्तिजापूरचा. मग यावर शकुंतलाच पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शकुंतला म्हणजे आपली नॅरोगेज गाडी. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर आणायचा आणि तिथून मुंबईला पाठवायचा, यासाठी इंग्रजांच्या काळात किलिक-निक्सन कंपनीनं ती टाकली. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची. आता बंद आहे. आमच्या आधीच्या पिढीला विचारा, प्रत्येकाकडे शकुंतलेची एक तरी गोष्ट निघते, आणि बहुतेक गोष्टीत कुणीतरी चालत्या गाडीतून उतरून परत चढलेलं असतं.

आता गणित पाहा. एकूण १८९ किलोमीटर आणि १२१ घरं. म्हणजे एक घर साधारण दीड किलोमीटरच्या थोडं वर. यवतमाळहून निघालो तर मूर्तिजापूर येतं ७२व्या घराला. मधली सगळी स्टेशनं खोदायचा मोह झाला होता, पण गर्दी होते, वाचता येत नाही. तीनच नावं ठेवली. सुरुवातीला यवतमाळ, ७२ला मूर्तिजापूर, शेवटी अचलपूर.

मापं लिहून घ्या, ज्यांना करायचंय त्यांनी. पाट ३२० बाय ११० मिलिमीटर, जाडी २०. तीस-तीस घरांच्या चार गल्ल्या, नागमोडी जाणाऱ्या. प्रत्येक गल्लीत दोन रांगा, दोघांच्या दोन. घरं पाच-पाचच्या गटात, म्हणजे खेळताना एकेक मोजावं लागत नाही. गटात दोन भोकांमध्ये ८ मिलिमीटर, दोन गटांमध्ये १२. अशी एक रांग २५२ मिलिमीटरची होते. दोघांची १२०-१२०, शेवटचं १२१वं दोघांत एकच, आणि सुरुवातीला खुंट्या उभ्या करायला चार. एकूण २४५ भोकं.

इथं आमचे मिस्त्री काका येतात. साठी उलटलेले. पूर्वी दारावरची नक्षी ते हातानं, पटाशीनं काढायचे. जठारपेठेत त्यांच्या हातची दारं अजून आहेत, मी ओळखू शकतो, कारण दोन झडपांवरचे मोर एकसारखे नसतात. सीएनसी आल्यापासून त्यांना नक्षीचं काम कुणी देत नाही. आमच्याकडे ते रोजीवर येतात, मशीननं कोरलेली दारं पॉलिश पेपरनं घासायला. बिलात त्यांचं नाव नसतं. मला हे खटकतं, पण दाराच्या भावात दोन पैसे वर मागायची सोय नाही.

मी त्यांना स्क्रीनवर डिझाइन दाखवलं. ते म्हणाले, "भोकं मशीन पाडंन बे. पण लाकडाले इचारलं का?"

लाकूड त्यांनीच काढलं. एका पाडलेल्या जुन्या घराच्या तुळईचा तुकडा. मेळघाटचा साग, परतवाड्याकडून आलेला. परतवाडा म्हणजे अचलपूरला लागूनच, म्हणजे शकुंतला जिथं संपायची तिथलंच लाकूड. जुन्या सागाचा फायदा असा की तो हलायचा तेवढा हलून झालेला असतो. अकोल्याचा मे महिना पचवलेला तुकडा कॅनडातल्या हीटरला सहसा दाद देत नाही. तोटा एकच, खिळे. मिस्त्रींनी आधी चुंबक फिरवला आणि दोन तुटके खिळे काढले. नव्या पोरांनो, हे लक्षात ठेवा. अठरा हजार आरपीएमवर फिरणारी बिट खिळ्यावर गेली तर तुकडा कुठं उडेल सांगता येत नाही. चष्मा लावा. आणि मास्कसुद्धा, सागाचा भुसा बारीक असतो, घशाला आणि कातडीला त्रास देतो.

शिसम का नाही, असं ताईनं विचारलं होतं. शिसमची जात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आहे. छोट्या वस्तूंना सूट आहे, पण साग असताना कुरिअरवाल्याला समजावत कोण बसेल.

आता भोकं. ड्रिल बिट लावून सरळ पाडता येतात, पण राउटरचा स्पिंडल जोरात फिरतो, त्यात ड्रिल घासून लाकूड काळं पडतं. मी ३ मिलिमीटरची सरळ बिट घेतली आणि तिला छोटासा गोल फिरवून ३.२चं भोक काढलं. खोली १२, चार थरांत, प्रत्येक थरानंतर बिट वर घेऊन भुसा बाहेर. याचा फायदा म्हणजे भोकाचं माप तुमच्या हातात राहतं. आधी रद्दी तुकड्यावर ३, ३.२ आणि ३.४ अशी तीन पाडली, खुंटी घालून पाहिली, मग ठरवलं. एका भोकाला आठेक सेकंद लागली, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या थोडं वर. सागात नैसर्गिक वाळूचा अंश असतो, त्यानं बिटची धार लवकर जाते, म्हणून बिट नवीच घ्या.

मध्येच लाईन गेली. ती जाणारच, म्हणून मी पाट नुसता क्लॅम्प केला नव्हता. खालच्या बेडमध्ये दोन पिना ठोकून त्यावर बसवला होता, आणि शून्य एका पिनेवर घेतलं होतं. लाईन आल्यावर मशीन होमला नेली, पिनेवर पुन्हा शून्य लावलं, अर्धवट राहिलेल्या भोकापासून सुरू. सांधा कुठं आहे ते मलाही आता सापडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला सांगू? नावांत. आपल्या मशीनच्या जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी धड समजत नाही. 'मूर्तिजापूर' टाइप केलं की रफार एकीकडे, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरापुढं. उपाय सोपा आहे. इंकस्केप नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, नाव तिथं युनिकोडमध्ये लिहा, त्याचा पाथ करा आणि मग सगळी अक्षरं जोडून एक करा. हे जोडणं विसरू नका. शिरोरेघेवर दोन अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात, न जोडता दिलं तर मशीन तिथं नको ते दोनदा कोरते. कितीतरी नेमप्लेटवर शिरोरेघेत चिरा दिसतात, त्या याच्याच.

मशीनचं काम इथं संपलं आणि मिस्त्रींचं सुरू झालं. भोकांच्या कडा त्यांनी एकेक करून, कागद गुंडाळून साफ केल्या. २४५. मग जवसाचं तेल, तीन हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. खुंट्या चार, वर दोन जादा. एकाच्या पितळी तारेच्या, दुसऱ्याच्या हळदूच्या लाकडाच्या. हळदू पिवळा असतो, सागावर उठून दिसतो. त्या करायची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. लोखंडी पट्टीला मापाचं भोक आणि त्यातून काडी हातोडीनं ठोकत पार करायची. पलीकडून गोल काडी निघते. मशीनवर एवढी बारीक खुंटी करायला गेलो असतो तर अर्ध्या तुटल्या असत्या.

बिल केलं २,८०० रुपयांचं. लाकूड ३००, मशीन ७००, डिझाइन ६००, मिस्त्री १,२००. ताईला व्हॉट्सअॅपवर तसंच पाठवलं, चारही ओळी. मिस्त्रींनी तो मेसेज माझ्या फोनवर दोनदा वाचला आणि म्हणाले, "माहा आकडा तुह्यापेक्षा मोठा काहून?" मी म्हटलं, "काका, तास मोजा." त्यांनी मोजले, आणि मग काही बोलले नाहीत.

कुणी म्हणेल एका पाटानं काय होतं. खरंय, एका पाटानं हप्ता निघत नाही. पण त्या अर्ध्या तासाच्या मशीनला मला जे मिळालं, ते तेवढ्याच वेळात मोर कोरून मिळत नाही. आणि भावाची घासाघीस झाली नाही, कारण अशी दुसरी वस्तू दाखवायला तिच्याकडे नव्हती. तुमच्या घरात किंवा गल्लीत असे मिस्त्री असतील तर त्यांना विश्वकर्मा योजनेत नाव नोंदवायला मदत करा. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली, अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. फॉर्म कॉमन सर्व्हिस सेंटरवर ऑनलाइन भरला जातो, तिथंच ही पिढी अडते. 

पाट पोचलाय. ताईनं व्हिडिओ पाठवला. शेजारचे गृहस्थ ७२ला आले की सासरे त्यांना थांबवतात आणि "मूर्तिजापूर" म्हणायला लावतात. ते म्हणतात "मुर्टीजपोर". मग पुढची चाल.

मिस्त्रींनी दुसऱ्या पाटासाठी त्याच तुळईचा तुकडा बाजूला काढून ठेवलाय. यावर अष्टाचंगा करायचा असं माझं म्हणणं आहे. ते म्हणतात अष्टाचंगाला मशीन कशाला पाहिजे, खडूनं फरशीवर काढा. वाद चालू आहे.